पित्त नव्हतं ते

आमच्या घरात पोटाच्या सगळ्या तक्रारींना एकच नाव आहे, पित्त. डोकं चढलं पित्त, मळमळलं पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. त्यामुळे आई दिवाळीपासून फोनवर "जरा पित्त वाढलंय गं" म्हणायची तेव्हा मी पण पुण्यात बसून जे सगळे सांगतात तेच सांगत राहिले, थंड दूध घे, चहा कमी कर, जागू नको. आणि ती ते सगळं करत होती. कोकम सरबत झालं, मोरावळा झाला, गुलकंद झाला, खाण्याचा सोडा पाण्यात घालून झाला, शेजारच्या काकूंनी दिलेल्या सूतशेखरच्या गोळ्या झाल्या. असे तीन महिने गेले. आणि या तीन महिन्यांत कुणीच, म्हणजे मी धरून कुणीच, तिला साधा एक प्रश्न विचारला नाही की आई तू गुडघ्यासाठी कुठली गोळी घेतेस आणि रोज किती घेतेस.

फेब्रुवारीत कराडला गेले तेव्हा संध्याकाळी दोघी प्रीतिसंगमावर फिरायला गेलो. उतरताना ठीक होती, वर येताना तीनदा थांबली, धाप लागली होती आणि तोंड पांढरंफटक. मी तिथंच दिव्याखाली तिची खालची पापणी ओढून बघितली, कागदासारखी पांढरी. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 6.9. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, शी काळी होते का?"

आई म्हणाली नाही.

घरी आल्यावर मी परत विचारलं, एकटीला, दार लावून. तेव्हा म्हणाली होते ना, पंधरा दिवस झाले, डांबरासारखी, चिकट, बादलीभर पाणी ओतलं तरी जात नाही आणि वास तर असा की मलाच लाज वाटायची. तिला वाटलं नाचणीच्या भाकरीमुळे होत असेल. आणि डॉक्टरांसमोर, कंपाउंडर उभा असताना, असलं कसं सांगायचं. मी तिला दोष देत नाही, आपल्याकडे बायका पोटाचं दुखणं सांगतील पण शीबद्दल बोलणार नाहीत, म्हणून घरातल्या माणसाने एकांतात, सरळ शब्दांत विचारायला पाहिजे. डांबरासारखी काळी, चिकट, घाणेरड्या वासाची शी म्हणजे वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्त पडतंय आणि ते पचून खाली येतंय. लोहाच्या गोळ्यांनी पण शी काळी होते पण ती अशी चिकट नसते आणि तिला तसला वास येत नाही. शंका आली तर स्वतः ठरवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, चक्कर येऊन घाम फुटला, किंवा अचानक पोटात सुरी खुपसल्यासारखं दुखून पोट फळीसारखं कडक झालं, तर डॉक्टरची वेळ वगैरे बघायचीच नाही, थेट हॉस्पिटल. शेवटचं जे आहे ना, फळीसारखं पोट, त्यात अल्सरने, म्हणजे आतल्या अस्तराला पडलेल्या जखमेने, जठराला आरपार भोक पडलेलं असू शकतं आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

आता त्या डब्याबद्दल. कपाटावर बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात आईची औषधं. ॲडमिट करायच्या आधी मी तो खाली उतरवून चादरीवर पालथा केला. दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीने कापून दिलेले चार चार गोळ्यांचे तुकडे, कुणावर नाव अर्धं, कुणावर फक्त किंमत, एक्स्पायरी तर जवळजवळ कशावरच नाही. एका तुकड्यावर "फेनॅक सो" एवढंच दिसत होतं. जुळवत जुळवत कळलं की ती डायक्लोफेनॅक आणि असिक्लोफेनॅक अशा दोन वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या घेत होती. एक हाडाच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सात दिवसांसाठी लिहून दिलेली, जी ती तोच कागद दाखवून परत परत आणत होती, आणि दुसरी मेडिकलमधून "गुडघ्यासाठी द्या काहीतरी" म्हणून मिळालेली. दोन्ही एकाच जातीच्या. सकाळी ही, रात्री ती, आणि सोमवारच्या उपासाला नुसत्या चहावर. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की दोन्ही एकच काम करतात आणि त्रासही दोन्हींचा मिळून होतो.

या गोळ्या जठराला नेमकं काय करतात हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं, मी समजत होते की रिकाम्या पोटी घेतली की गोळी आतल्या त्वचेला चिकटून जळजळ करते, म्हणून खाऊन घ्यायची, झालं. पण तसं नाहीये. जठरात इतकं जहाल आम्ल असतं की मांस विरघळावं, आणि तरी जठर स्वतः विरघळत नाही कारण आतून बुळबुळीत चिकट थर असतो, त्या थरात सोड्यासारखा क्षार सुटत असतो आणि खालून रक्तपुरवठा चांगला असतो. हे सगळं चालू ठेवायचा निरोप देणारा एक पदार्थ शरीर बनवतं, प्रोस्टाग्लँडिन. गुडघ्याला सूज आणि दुखणं आणण्यात पण हेच पदार्थ असतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन, या गोळ्या ते बनणंच बंद करतात, गुडघ्यातही आणि जठरातही. म्हणजे गोळी रक्तातून काम करते, आणि म्हणूनच जेवून घेतली, इंजेक्शन घेतलं, तरी जठर सुटत नाही. जेवून घेतल्याने मळमळ कमी होते एवढंच. आणि सगळ्यात घातक म्हणजे याच गोळ्या दुखणं दाबतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना कित्येकदा अल्सर दुखतच नाही, पहिली खूण एकदम रक्तस्रावच असतो. आईला पण "दुखणं" असं नव्हतंच, थोडं भरल्यासारखं, थोडा खड्डा, भाकरी अर्धीच जायची. सोबत स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर धोका आणखी वाढतो, वय साठच्या पुढे असेल तर वाढतो, आधी अल्सर होऊन गेला असेल तर फार वाढतो. आणि बाजारात बिननावाच्या गुडघेदुखीच्या पुड्या मिळतात ना, "पूर्ण आयुर्वेदिक" म्हणून, त्यातल्या काहींमध्ये हीच वेदनाशामकं आणि स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर आनंदाच्या आधी शंका यायला पाहिजे.

हॉस्पिटलात दोन बाटल्या रक्त चढवलं आणि दुर्बीण करायचं, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून बघायचं ठरलं. दुर्बीण म्हंटल्यावर आई घाबरली, तिला वाटलं ऑपरेशन. घशात सुन्न करायचा कडू स्प्रे मारला, कुशीवर झोपवलं, दातात प्लॅस्टिकची रिंग, आणि सात आठ मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर घसा धरून म्हणाली एवढंच होतं तर आधी का नाही नेलंस. मला डॉक्टरांनी स्क्रीनवरचा फोटो दाखवला, जठराच्या शेवटच्या भागात, जिथून अन्न पुढे लहान आतड्यात जातं तिथं, गुलाबी मऊ अस्तरात एक पांढरट खळगा, कडा सुजलेल्या लाल. नशिबाने त्या वेळी रक्त वाहत नव्हतं, नाहीतर तिथल्या तिथे इंजेक्शन किंवा क्लिप लावायला लागली असती. कडेचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले, कारण जठरातला अल्सर कधी कधी कॅन्सरचाही असू शकतो आणि नुसतं बघून तो ओळखता येतोच असं नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीला होतो त्या अल्सरमध्ये ही भीती फारच कमी. तो रिपोर्ट येईपर्यंतचे पाच दिवस मी नीट झोपले नाही. कॅन्सर नव्हता.

पण अजून एक तुकडा त्यांनी तिथंच एका छोट्या पिवळ्या जेलमध्ये टाकला होता. बोलता बोलता ते पिवळं जेल कडेने गुलाबी व्हायला लागलं आणि थोड्या वेळात चक्क राणी कलर झालं. डॉक्टर म्हणाले हे बघा, जंतू पण आहे.

एच पायलोरी. एवढ्या जहाल आम्लात जगतो कसा तर तो युरियापासून अमोनिया बनवतो, अमोनिया आम्ल मारतो, आणि त्या ढालीआड हा जंतू चिकट थरात घुसून बसतो. जेल गुलाबी होतं ते त्या अमोनियामुळेच. जगातल्या साधारण निम्म्या लोकांच्या जठरात हा आहे, बहुतेकांना लहानपणी घरातूनच लागतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण काहींना अल्सर होतो, फार थोड्यांना कॅन्सर. आईकडे जंतूही होता आणि वर दोन दोन गोळ्या. दोन्ही मिळाले की अल्सरचा धोका एकेकट्यापेक्षा खूप वाढतो.

हे ऐकल्यावर मला आमचे आजोबा आठवले, आईचे वडील. त्यांच्या पोटावर छातीपासून बेंबीपर्यंत उभा व्रण होता, 1974 साली अल्सरचं ऑपरेशन झालेलं, जठराचा भागच काढून टाकला होता. त्या काळी तेच करायचे. त्यांना सगळे सांगायचे तुम्ही चिंता करता, तुम्ही तापट आहात, तिखट खाता, म्हणून झालं. आजी मरेपर्यंत स्वतःला बोल लावत होती की माझ्या हातचं तिखट बाधलं. आणि तेव्हा डॉक्टर पण हेच मानत होते, जगभर. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला 1979 मध्ये जठराच्या तुकड्यात वाकडे जंतू दिसले, पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्याबरोबर आला, पण जंतू प्रयोगशाळेत वाढेचना. 1982 च्या ईस्टरला सुट्टी आली म्हणून जंतू वाढवायच्या बश्या नेहमीसारख्या दोन दिवसांत फेकल्या न जाता जास्त दिवस राहिल्या आणि जंतू वाढलेला दिसला, त्याला वेळच जास्त लागत होता. तरी कोणी ऐकेना. मग 1984 मध्ये मार्शलने ते जंतूचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, आणि दुर्बिणीत जठराला सूज. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. म्हणजे आजोबांचं पोट फाडलं तेव्हा हा जंतू कुणाच्या गावीही नव्हता, आणि आज तोच आजार 14 दिवसांच्या गोळ्यांनी जातो. आजीला हे सांगायला पाहिजे होतं असं मला फार वाटतं. तुझ्या हातच्या तिखटाने काही झालं नव्हतं गं.

खरंच, तिखटाने अल्सर होत नाही. झालेला असेल तर झोंबू शकतं, त्यामुळे ज्याला ज्याने त्रास होतो ते बरं होईपर्यंत टाळायचं, एवढंच. आईच्या मागे सगळे नातेवाईक मऊ भात आणि वरणाचं पाणी घेऊन लागले होते, डॉक्टरांनी सांगितलं नेहमीचं जेवा, वेळेवर जेवा, हिमोग्लोबिन कमी आहे तर उलट चांगलं खा. दुधाचं पण तसंच, घेतल्या घेतल्या गार वाटतं पण दूध पोटात गेलं की जठर आणखी आम्ल सोडतं, तासा दोन तासांनी परत येरे माझ्या मागल्या. दूध वाईट नाही, ते औषध नाही. सोड्याने तर फक्त खूण झाकली जाते आणि बीपीवाल्यांच्या पोटात नको तेवढं मीठ जातं. टेन्शनने जळजळ वाढते हे खरं, पण "टेन्शन घेऊ नको" हा अल्सरवरचा उपाय नाही. तंबाखू आणि सिगारेट मात्र खरंच नडते, सिगारेटने अल्सर भरायला उशीर लागतो, दारूने अस्तर सोलवटतं. आणि एक, छातीत जळजळ होतेय आणि सोबत घाम, धाप, जबडा किंवा हात भरून येणं असेल तर ते पित्त समजून सोडा पित बसू नका, आधी ईसीजी काढा.

औषधं अशी होती. चार औषधांचा 14 दिवसांचा कोर्स, त्यात दोन अँटिबायोटिक, एक बिस्मथ आणि एक आम्ल कमी करायची गोळी. आपल्याकडे काही अँटिबायोटिकना हा जंतू सरावलाय, त्यामुळे कुठली जोडी द्यायची हे डॉक्टर ठरवतात, शेजारणीचा कागद चालत नाही. दिवसाला इतक्या गोळ्या की मी वहीच केली, पान पाडून, खूण करत. चौथ्या दिवसापासून आईला तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं लागायला लागलं, जेवण कडू, आणि म्हणाली बंद करू का, बरं वाटतंय आता. इथेच बरेच लोक सोडतात, अर्धवट सोडलं की जंतू उरतो आणि त्याच औषधाला दाद देत नाही. ओवा, लिंबाचं लोणचं, असं काय काय जिभेवर ठेवत तिने 14 दिवस काढले. बिस्मथने शी परत काळी झाली तेव्हा दोघींच्या पोटात गोळा आला होता, फोन केला तर कळलं की ते औषधामुळे आहे, चिकट नाही ना, वास नाही ना, मग ठीक. हे आधीच विचारून ठेवा.

आम्ल कमी करायची गोळी, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल जी असेल ती, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. आई आधी पण घ्यायची ती, मेडिकलवाल्याने दिलेली, पण रात्री जेवण झाल्यावर, आठवलं तर. जठरात आम्ल सोडणारे बारीक पंप असतात, ते जेवताना चालू होतात आणि चालू असतानाच ही गोळी त्यांना पकडते, म्हणून आधी रक्तात पोचलेली पाहिजे. आठ आठवडे रोज घेतली. मग परत दुर्बीण, कारण जठराचा अल्सर भरला की नाही ते डोळ्यांनी बघायला लागतं. खळग्याच्या जागी फिकट चट्टा होता. त्यानंतर दोन आठवडे ती गोळी बंद ठेवून शीची तपासणी, जंतू गेला का बघायला, गोळी चालू असताना केली तर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं आणि अँटिबायोटिक संपून पण निदान चार आठवडे झालेले लागतात. खूप जण ही शेवटची तपासणी करतच नाहीत. आईची निगेटिव्ह आली.

राहिला गुडघा. तो दुखतोच, अल्सर बरा झाला म्हणून गुडघा बरा होत नाही, आणि "पेनकिलर घेऊ नका" असं नुसतं सांगून निघून जाणाऱ्यांचा मला राग येतो, त्या बाईने जिना कसा उतरायचा? आता लागेल तेव्हा पॅरासिटॅमॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, कारण ती जठराला सोसते पण जास्त झाली तर लिव्हरला नडते. वरून लावायचं जेल, त्यातलं औषध रक्तात फार थोडं जातं, तरी ते पण विचारूनच. मांडीचा व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली, असं टीव्ही बघता बघता. टॉयलेटला कमोड करून घेतला आणि भिंतीला दांडा बसवला, त्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच गोळीने पडला नव्हता. ज्यांना डायक्लोफेनॅकच्या जातीची गोळी घ्यावीच लागते त्यांच्यासाठी सोबत जठर सांभाळायची गोळी देतात, कमीत कमी दिवस, कमीत कमी डोस, आणि जास्त दिवस चालू ठेवायची असेल तर आधी जंतूची तपासणी, हे आपण स्वतःहून विचारायचं.

हे सगळं मी फोनवर मामाला सांगितलं तर त्याने दुसऱ्याच दिवशी स्वतःची ॲस्पिरिन बंद करून टाकली. त्याला दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातलाय. आईने सांगितल्यावर मी ताबडतोब फोन केला आणि त्याला त्याच्या हार्टच्या डॉक्टरांशी माझ्यादेखत लाईनवर बोलायला लावलं, त्यांनी ती परत चालू करायला सांगितली. स्टेंटवाल्याची ॲस्पिरिन मनाने बंद केली तर आत गुठळी होऊ शकते, जठरासाठी काय जोडून द्यायचं ते त्यांचं ते बघतात. मंगळवारी त्याची अपॉइंटमेंट आहे. मी पण जातेय, आणि मामीला सांगून ठेवलंय की घरातल्या सगळ्या कापलेल्या स्ट्रिपा एका पिशवीत भरून ठेव, नाव दिसो न दिसो, एक पण फेकू नको.